हसऱ्या चेहऱ्याखालची टाचणी

लाँड्रीच्या दाराशी एक फळा होता. त्यावर तीन चेहरे काढले होते: हसरा, गप्प आणि रडका. सकाळी आत शिरताना प्रत्येक बाईने आपल्या नावाची टाचणी मनात जसं असेल तशा चेहऱ्याखाली खोचायची. मॅनेजर ताणतणावावरचं शिबिर करून आला होता. माणूस वाईट नव्हता, पण रडक्या चेहऱ्याखाली टाचणी दिसली की म्हणायचा, "आज घरी आराम करा," आणि त्या दिवसाचा पगार कापायचा. आठवडाभरात सगळ्या बाया आनंदी झाल्या.

सासू-सून दोघी तिथेच चादरींना इस्त्री करत. सासूचा मुलगा जाऊन जेमतेम महिना झाला होता. घरातही नियम तोच, आणि तो सासूनेच घातलेला. "रडून पोट भरतं का, पोरी? तोंड धू आणि चल." तिला स्वतःलाही तिच्या सासूने हेच शिकवलं होतं. दोघी न्हाणीघरात नळ सोडून वेगवेगळ्या रडत, आणि ते दोघींनाही ठाऊक होतं.

त्या सकाळी सुनेचे डोळे सुजलेले होते. तिचा हात रडक्या चेहऱ्याकडे गेला. सासूने मनगट धरून टाचणी हसऱ्याखाली टोचायला लावली.

"तू खूश आहेस. कळलं?"

"हो, आई."

दुपारी चादर सरळ करता करता सून उभ्या उभ्या पेंगली आणि तिचा तळवा इस्त्रीच्या तापलेल्या पत्र्यावर पडला. ती ओरडली नाही. सासूच्या जिवाला तेच जास्त लागलं. तिने सुनेचा हात नळाखाली धरला.

"अगं, ओरड तरी!"

"चालेल का, आई?"

आपणच या पोरीचं तोंड शिवलं, हे तिला आता दिसत होतं.

मॅनेजर धावत आला. फळ्याकडे बघून म्हणाला, "पण या तर आज खूश होत्या!"

"रडलं की पगार कापला जाणार म्हटल्यावर कोण खूश नसतं, साहेब?" सासू म्हणाली.

ती थकल्या पायांनी फळ्यापाशी गेली. आपली टाचणी उपटून तिने रडक्या चेहऱ्याखाली खोचली. "माझा मुलगा गेलाय. मला रडू येतंय, आणि मी कामही करणार आहे. आता कापा पगार."

घड्या घालणारी म्हातारी उठली. तिनेही आपली टाचणी हलवली. मग तिसरीने.

त्या संध्याकाळी न्हाणीघराचा नळ बंद होता. दोघी स्वयंपाकघरात एकमेकींना धरून मोठ्याने रडल्या.

वाचकहो, तुमच्याही घरात कुणाला आंघोळीला फार वेळ लागत असेल. पाणी वाया जातंय म्हणून ओरडण्याआधी एकदा दारावर हळूच टकटक करा.