पडद्यामागची टकटक

ताईच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी गल्ली लोटली होती आणि सगळ्यांचे डोळे टेबलावरच्या लॅपटॉपवर. भगव्या कफनीतल्या बाबांनी बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा कपाळाला लावून लॅपटॉपच्या खाचेत खुपसला आणि गर्जना केली, "आत्मा मण्यात, मणी यंत्रात, यंत्र भक्तांच्या सेवेत!"

स्पीकरवर मंत्रांचा कल्लोळ सुरू झाला. कीबोर्डला कुणाचं बोटही लागलं नव्हतं, तरी स्क्रीनवर अक्षरं उमटू लागली. 'मी आलोय. इंजेक्शनं बंद कर. बाबांचे थेंब घे.'

"अगंबाई, हे आले!" ताईला रडू फुटलं. भावोजींना जाऊन चारच महिने झाले होते.

भिंतीला टेकून उभी असलेली ताईची धाकटी बहीण मात्र त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचत होती. ताईला दोन्ही वेळा इन्सुलिन लागायचं. मागे दोन दिवस चुकलं, तर बेशुद्ध होऊन दवाखान्यात पडली होती. थेंब म्हणे, थेंब! आणि तो बाबांचा शिष्य आल्या आल्या ध्यानाला म्हणून आतल्या खोलीत का शिरला? एवढा मोठा आवाज तरी कशाला, आत्मा काय बहिरा असतो?

सव्वीस वर्षं ती टायपिंगचा क्लास चालवत होती. पाठमोरी उभी राहूनही कोण चुकतंय ते कानांनी ओळखायची. तिने हात लांबवून स्पीकर बंद केला.

"मंत्र तोडू नका, कोप होईल!" बाबा ओरडले.

"होऊ दे. भावोजी कसं टाइप करतात, ते ऐकू तर द्या."

स्क्रीनवर अजून अक्षरं येतच होती. आणि आतून, दाराच्या पडद्यामागून, टकटक टकटक धप्प. टकटक धप्प. इकडे शब्द संपला, की तिकडे धप्प!

"स्पेसबार अंगठ्याने हलका दाबतात रे, बुक्की नाही मारायची!" म्हणत तिने पडदा ओढला. शिष्य पलंगावर मांडी घालून बसलेला, मांडीवर कीबोर्ड!

"मणी कसला डोंबलाचा! बिनतारी कीबोर्डचा रिसीव्हर आहे हा. माझ्या क्लासात असे आठ आहेत. इकडे कळ दाबली, की तिकडे अक्षर." तिने कीबोर्ड हिसकावला आणि दारातूनच टाइप केलं. स्क्रीनवर उमटलं, 'ताई, इंजेक्शन घे.'

बाबा पिशवी आवरू लागले, तर शेजारीणबाई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. "थांबा महाराज, पोलीस येईपर्यंत थेंब घ्या!"

"म्हणजे हे आलेच नव्हते?" ताईचा आवाज चिरकला.

"नाही गं, ताई. भावोजी गेले. पण त्यांनी शेवटपर्यंत तुझ्या सुया स्वतः आणल्या. तो माणूस इंजेक्शन बंद कर म्हणेल का, एवढं तरी मनाला विचारायचंस." मग ती गल्लीकडे वळली. "आणि तुम्ही सगळे! हात जोडायच्या आधी एकदा आतल्या खोलीत डोकवावं, असं एकालाही वाटू नये?"

ताईने पदराने डोळे पुसले, फ्रिज उघडला आणि इन्सुलिनची बाटली बाहेर काढली.