दोन बोटं वाढलेलं पोट

सकाळीच बाळाच्या आत्याचं आणि तिच्या भावजयीचं, म्हणजे बाळाच्या आईचं, वाजलं, तेही लंगोट बदलताना. नऊ दिवसांचं पोर. उजवा पाय सरळ केला की किंचाळायचं, डाव्याला काही नाही. आत्या म्हणाली, पोटात काहीतरी आहे. भावजय म्हणाली, डॉक्टरांनी गॅस सांगितलाय, थेंब दिलेत. मी शेजारीण, गप्प बसावं ना? मीच आत्याला म्हणाले, जिला स्वतःचं पोर नाही तिनं बाळंतिणीला घाबरवू नये. आठवलं की अजून लाज वाटते.

आत्यानं मनावर घेतलं नाही. तिचा जन्म शेळ्यांमागे गेलाय. शेळी फुगली की ती पोटाभोवती सुतळी धरून गाठ मारते आणि तासाभरानं पुन्हा लावून बघते. बाळालाही तिनं तेच केलं. दुपारी सुतळी दोन बोटं कमी पडली. बाळ दूध घेईना, ओकलं ते हिरवं. ते बघून भावजयीचाही धीर सुटला.

आत्याचा भाऊ, बाळाचा बाप, म्हणाला, आधी गावातल्या डॉक्टरांना विचारून येतो.

"तू विचारत बस. आम्ही निघालो."

बाळाला उराशी धरून, भावजयीला सोबत घेऊन आत्या दूधगाडीला आडवी उभी राहिली. दूध नासेल, असं ड्रायव्हर कुरकुरला. नासू दे, म्हणाली, आणि चढली.

मोठ्या दवाखान्यात सलाईन लागलं, औषधं सुरू झाली, पोटाचे फोटो निघाले. सर्जनबाईंनी ती सुतळी नीट पाहिली, हसल्या नाहीत. आतडं फुटलं असावं, उघडल्याशिवाय कळणार नाही, म्हणाल्या. मागून पोचलेला भाऊ संमतीचा कागद नुसता धरून उभा राहिला. एवढ्याशा पोटाला सुरी! भावजयीनं त्याच्या हातातला कागद ओढून घेतला आणि सही ठोकली.

अपेंडिक्स फुटलं होतं. ते काढलं, पोट आतून धुतलं. तीन आठवड्यांनी बाळ घरी आलं ते दुधासाठी घर डोक्यावर घेतच.

आमचे डॉक्टर बघायला आले. माणूस वाईट नाही, पण पार ओशाळला होता. म्हणाले, तान्ह्या बाळात हे लाखात एखाद्याला होतं, कुणाच्या मनात येणार?

आत्या बाळाला थोपटत होती. ती थांबली नाही.

"तो एक आमच्या घरात होता, डॉक्टर. तुम्ही त्याचं दुपटंसुद्धा सोडून पाहिलं नाहीत."