काळ्याखालचा निळा

सत्यशीलाबाईंची चित्रं शुक्रवारी मुंबईला जाणार होती. तिथल्या एका गॅलरीनं ती प्रदर्शनासाठी मागवली होती. विकली गेली तर कुणाकुणाच्या भिंतींवर जातील, बदनापूरला परत येणार नाहीत, हे बाईंना ठाऊक होतं. त्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. सलत होतं ते वेगळंच. इतकी वर्षं शाळेत ज्या मुलांना ब्रश धरायला शिकवलं, त्यातल्या कुणीच आपल्या बाईंचं चित्र पाहिलेलं नव्हतं.

मोबाईलवर एकदा पाठवून पाहिलं होतं. "बाई, फोटो उघडत न्हाई, नुसतं काळं दिसून राह्यलंय," असं एकानं कळवलं. बाकीच्यांनी नमस्काराचे हात पाठवले.

चित्रं होतीच काळी. झाड नाही, घर नाही, माणूस नाही. एक काळा काजळीसारखा, एक तपकिरीकडे झुकणारा, एक आतून थंड. आणि त्यांच्यामधून तिरकी गेलेली गंजक्या तांबड्याची एक रेघ. उजेडात उभं राहून पाहिलं तरच काळे वेगवेगळे दिसत. म्हणून बाईंनी ठरवलं, पोस्टकार्डं छापायची. जाड कागदावर, हातात धरून उजेडाकडे वळवता येतील अशी. आणि मूळ चित्र जायच्या आत, म्हणजे रंग त्याच्याशी ताडून पाहता येईल.

गुरुवारी सकाळी त्यांनी सगळ्यात लहान चित्र चादरीत गुंडाळलं. त्यांचे यजमान राजानंद रेल्वेतून निवृत्त झालेले. चित्राचं एक टोक त्यांनी धरलं आणि दोघं गाडीनं जालन्याला मिथुनच्या प्रेसवर आले.

मिथुन लग्नपत्रिका छापायचा. हंगाम जोरात होता. टेबलावर गणपती आणि सोनेरी कलशांचे गठ्ठे रचलेले. बाईंनी आधी पाठवलेल्या फोटोवरून काढलेलं नमुन्याचं कार्ड त्यानं मोठ्या कौतुकानं पुढं केलं.

"बघा मॅडम, एकदम उठून आलंय!"

बाईंनी कार्ड घेतलं आणि चादर सोडून चित्रासकट गल्लीत उन्हात नेलं. कार्डावरचा काळा धुतलेल्या पाटीसारखा करडा होता. तिन्ही काळे एकच झाले होते. रेघ मात्र कुंकवासारखी लालभडक.

"हे माझं चित्र न्हाई," त्या म्हणाल्या.

"लाल जरा वाढवला मी. काळ्यात उदास वाटत होतं."

"कमी करा. आणि काळा बसलाच न्हाई."

मिथुननं हात पुसले. "मॅडम, कोणाला कळणार हाय?"

"मला."

राजानंद हळूच म्हणाले, "अगं, एवढं चालतंय की. पोरं बाईंचं म्हणून ठेवतील."

"बाईंचं म्हणून कशाला ठेवायचं? चित्र म्हणून ठेवलं पाहिजे," त्या म्हणाल्या. मग मिथुनकडे वळल्या. "मी रंगवताना काळ्याच्या खाली निळा देते. तुम्हाला देता येईल का?"

"येईल की. आधी निळा, वर काळा. पण दोन थर म्हणजे वाळायला वेळ. घाई केली की कार्डाला कार्ड चिकटतं. आणि मला पत्रिका काढायच्यात."

त्या पत्रिका ज्यांच्या घरच्या, ते तातेराव तिथंच खुर्चीवर बसले होते. मुलीचं लग्न चार दिवसांवर आलेलं. ते एकदम उभे राहिले. "मिथुनभाऊ, आमच्या पत्रिकेच्या आधी मशीनला काळं लावू नका. बाई, राग मानू नका, पण शुभकार्य हाय."

राजानंदांना वाटलं, आता वाद होणार. बाईंना असल्या शुभ-अशुभाचं काही नव्हतं. पण समोरचा माणूस मुलीच्या काळजीनं बोलत होता, तेही त्यांना दिसत होतं.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. "तुमचं आधी निघू द्या. मी बसते. पण मंग माझं आजच निघालं पाहिजे."

त्या खरंच बसल्या. दोनदा चहा आला. राजानंद जेवून ये म्हणाले, त्या उठल्या नाहीत. केळी आणून दिली ती तिथंच खाल्ली. पत्रिका निघाल्या, तातेराव गठ्ठे रिक्षात घालून गेले. तेव्हा मिथुन म्हणाला, "मॅडम, उद्या करू का?"

"उद्या चित्र जाणार. मंग कशाशी ताडून बघणार तुम्ही?"

मिथुननं सुस्कारा सोडला आणि रोलर पुसायला घेतले. निळा थर दिला, पंख्याखाली वाळवला, वर काळा चढवला. पहिल्या कार्डात काळा फार दाट झाला. दुसऱ्यात रेघ फिकी पडली. दर वेळी बाई कार्ड उन्हात नेत आणि मान हलवत परत येत. आता मिथुनही त्यांच्या मागोमाग बाहेर येऊ लागला. एकदा तो स्वतःच म्हणाला, "न्हाई, हा खालचा काळा अजून गरम दिसून राह्यलाय," आणि बाई काही बोलण्याआधी आत पळाला.

ऊन भिंतीवर चढलं होतं तेव्हा हवं तसं कार्ड निघालं. बाईंनी ते चित्राशेजारी धरलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"हे," त्या म्हणाल्या. "असंच सगळं काढा."

खाली कोरे कागद घालून मिथुननं कार्डं रात्रभर पसरून ठेवली. सकाळी चित्रं ट्रकमध्ये चढली. राजानंदांनी दोऱ्या तपासल्या, आणि ट्रक वळणाआड गेल्यावर बाई कार्डं आणायला थेट जालन्याच्या गाडीत बसल्या.

सोमवारी बदनापूरच्या पोस्टात त्यांनी पत्ते लिहिलेली कार्डं खिडकीतून आत सरकवली. शिक्का मारणाऱ्या शीतलला त्यांनी बजावलं, "ताई, चित्राच्या बाजूला शिक्का न्हाई मारायचा." शीतलनं एक कार्ड उलटसुलट करून पाहिलं, बोट फिरवून शाई लागते का तेही पाहिलं, मग एकेक कार्ड पालथं घालून शिक्का मारला.

फारशी उत्तरं आली नाहीत. एक-दोन कार्डं पत्ता बदलल्यामुळं परत आली. हरिओम नावाचा एक जुना विद्यार्थी कुंभार पिंपळगावात खताचं दुकान चालवतो. त्याचा फोन आला. कार्ड त्यानं काउंटरच्या काचेखाली ठेवलं होतं.

"बाई, गिऱ्हाईक विचारतंय हे काय हाय. काय सांगू?"

"काचेखालून काढ आणि त्याच्या हातात दे," बाई म्हणाल्या. "म्हणावं, दारात जाऊन बघ."

फोन ठेवून त्या रिकाम्या खोलीत गेल्या. भिंतीवर चित्रं होती तिथं चौकोनी फिक्या खुणा उरल्या होत्या. नवा कॅनव्हास त्यांनी भिंतीला टेकवला आणि निळ्याची ट्यूब उघडली.