राघूचा पत्रा कुठे जमा करायचा?

मी एक जुना पितळी पत्रा आहे, मित्रांनो. पसरलेल्या पंजाएवढा. माझ्या मधोमध डहाळीवर बसलेला एक राघू कोरून काढलेला आहे, म्हणजे राघूच्या जागी नुसती भोकं आहेत. माझं सगळं मोल त्या भोकांचं. इतरांनी आपल्या अंगच्या गुणांचा तोरा मिरवावा, मी माझ्यात जे नाही त्याचा मिरवतो.

इंदूरच्या कसेरा बाजारात, तांब्यापितळेच्या गल्लीत, एका कारागिराने मला घडवलं आणि तिथून मी एका कापड मिलच्या घडी खात्यात रुजू झालो. विणून, धुऊन आलेल्या कापडाची तिथे थानं, म्हणजे तागे, बांधत. थानाच्या शेवटच्या घडीवर मला ठेवायचं, वरून निळ्या शाईचा ब्रश थोपटायचा आणि मला अलगद उचलायचं, की कापडावर राघू हजर! गावोगावचे लोक कापड हातात घेण्याआधी राघू बघत. माझा असा रुबाब होता, उगाच नाही सांगत.

तो ब्रश धरणाऱ्याचं नाव दिनानाथ. माणूस भारी टापटिपीचा. पाळी संपली की इतर जण सायकली काढायला धावत आणि हा मला रॉकेलच्या फडक्याने पुसत बसे. एकदा मी जमिनीवर पडलो आणि माझा कोपरा वाकला. दिनानाथने रीतसर फाटकावरचा पास करून मला कसेरा बाजारात ठोकायला नेलं. पासवर लिहिलं होतं, दुरुस्ती करून परत जमा करणे. मी सरळ झालो, पण मला घेऊन तो मिलवर पोचला तेव्हा फाटकाला कुलूप होतं.

ते दिवसच तसे होते, मित्रांनो. शहरात नव्या टीव्हीच्या आणि शीतपेयांच्या झगमगीत पाट्या लागत होत्या, आणि आमच्या बाजूला एकेका चिमणीचा धूर बंद होत होता. दिनानाथला वाटलं, महिना-दोन महिन्यांत भोंगा वाजेल. तो रोज फाटकाशी जाऊन उभा राही आणि संध्याकाळी घरी येऊन मला पुशी. वर्षं गेली. हाताला मिळेल ते काम त्याने केलं, पण मला पुसायचं काही सोडलं नाही. "पराई चीज आहे, नीट परत गेली पाहिजे," एवढंच म्हणायचा. बायकोला, शोभनाला, कळायचं की हा पत्रा पुसतोय म्हणजे मिल उघडायची वाट बघतोय. म्हणून ती त्याला हटकत नसे.

शोभना साड्यांना फॉल लावून घर ओढत होती. एकदा दिनानाथ तापाने पडला आणि त्याने मला पुसायला तिला सांगितलं. रॉकेल संपलेलं. तिने जखमेसाठी आणलेलं स्पिरिट घेतलं आणि खाली जुन्या कॅलेंडरचं गुळगुळीत पान पसरलं. माझ्या भोकांच्या कडांना मिलमधली शाई वर्षानुवर्षं चिकटून होती. ती विरघळली आणि निळे थेंब पानाच्या कोऱ्या बाजूवर पडले. मग जे झालं ते मीही पहिल्यांदाच बघत होतो. थेंब फाकला, मध्ये फिका झाला, कडेला गडद राहिला, त्याच्यात दुसरा थेंब घुसला आणि पानावर आभाळ पसरलं. शोभनाने हळूच फुंकर मारली. आभाळ सरकलं! बाई फडकं हातात धरून तशीच बसून राहिली. त्या घरात इतक्या दिवसांनी कुणीतरी नुसतं खूश होऊन काहीतरी बघत होतं.

पुढे ती सियागंजच्या बाजारातून लाकडाच्या पॉलिशमध्ये घालतात त्या रंगाच्या पुड्या घेऊन आली. त्या स्पिरिटमध्ये चांगल्या विरघळतात. छापखान्यातून चकचकीत जाड कागदाची उरलेली कात्रणं आणली. स्टोव्ह बंद करून, खिडकी उघडून ती रंग टाकी आणि शरबताच्या नळीने फुंकी. कागद वाळला की मला खिडकीच्या काचेवर चिकटपट्टीने लावी, वर कागदाची रंगीत बाजू माझ्याकडे करून धरी आणि मागून क्रोशाच्या सुईच्या बोथट टोकाने माझ्या कडा दाबत जाई. कागद उलटवला की रंगाच्या आभाळात राघू उठून आलेला. आंधळ्याने बोट फिरवलं तरी कळावा असा. पहिल्यांदा तिने भलत्याच बाजूने दाबलं होतं, तेव्हा राघू खड्ड्यात पडल्यासारखा आत गेला आणि ती एकटीच हसत सुटली.

मला काय वाटलं म्हणाल, तर आधी रागच आला. आयुष्यभर माझ्यातून शाई गेली, आणि आता ही बाई शाईशिवायच माझ्याकडून काम करून घेते! पण सकाळचं ऊन माझ्या भोकांतून कागदावर पडायचं ते मला आवडायला लागलं. घडी खात्यात ऊन येतच नव्हतं.

शोभनाने त्या कागदांची शुभेच्छांची कार्डं केली आणि तुकोगंजमधल्या एका दुकानात नेली. दुकानात छापील कार्डांची, उघडली की गाणं म्हणणाऱ्या कार्डांची आरास होती. दुकानदाराने राघूवरून बोट फिरवलं.

"भाभीजी, हाथ का है? एक जैसी दो नहीं दिख रही."

"दोन सारखी होतच नाहीत, भिया. रंग आपल्या मर्जीने जातो."

"तो फिर लाती रहो. गानेवाली सब के पास है."

हे सगळं दिनानाथ फाटकाशी असताना चालायचं. त्याला सांगायचा तिचा धीर होत नव्हता. पण काचेआड ठेवलेलं कार्ड कधीतरी दिसणारच होतं. एक दिवस तो सायकल घेऊन तुकोगंजमधून चालला होता, आणि त्याला आपला राघू दिसला.

"शोभना, हा मिलचा माल आहे," घरात पाय टाकता टाकता तो कडाडला. "बिना पास के बाजारात फिरतोय! आणि वरून उलटा! आपला राघू उजवीकडे बघतो."

"कागद उपडा ठेवावा लागतो, म्हणून उलटतो. पत्राच उलटा लावला की होईल सरळ."

"बात ती नाहीये!"

"मग काय आहे?" ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही पुसता, मी पण पुसूनच ठेवते. फरक इतकाच, मधल्या वेळात तो काम करतो."

दिनानाथचा राग माझ्यावर किंवा तिच्यावर नव्हता, हे मला तेव्हाच कळलं. माझ्याकडून दुसरं काम घेणं म्हणजे मिल गेली हे कबूल करणं, आणि तेवढं एकच त्याच्याने होत नव्हतं. त्याने मला फडक्यात गुंडाळून कपाटात कुलूप लावून ठेवलं.

दिवाळी तोंडावर आली होती आणि दुकानदाराने शोभनाला मोठी ऑर्डर दिली होती. नेमकी तेव्हाच बातमी आली की मिलमधलं उरलंसुरलं सामान लिलावात जाणार. फाटक उघडलं होतं. दिनानाथने दाढी केली, इस्तरीचा शर्ट घातला आणि मला पिशवीत घेतलं.

शोभना दारात उभी होती. तिने अडवलं नाही. इतकंच म्हणाली, "तुम्हाला बरोबर वाटतं ते करा. पण तिथे त्याचं काय होणार, एवढं विचारून या."

फाटकावर जुना पहारेकरी संताजी होता. दिनानाथने पिशवी उघडून दाखवली तसे त्याचे डोळे भरून आले. "अरे दिनानाथ, तू अजून सांभाळलास? जा, आत लिलावाचे साहेब बसलेत."

आत घडी खात्याचं छप्पर उतरवलेलं होतं. जिथे थानांच्या थप्प्या लागायच्या तिथे गवत होतं आणि गवतात लोखंडाचा, पितळेचा ढीग. माझ्याबरोबरचे दोन पत्रे मला त्यात दिसले, मुडपून, ठोकून चपटे केलेले. मी इतका घाबरलो, मित्रांनो, जितका कोरताना छिन्नी बसली होती तेव्हाही घाबरलो नव्हतो.

"साहेब, हा जमा करायचा आहे," दिनानाथ म्हणाला. "घडी खात्याचा आहे. दुरुस्तीला नेला होता."

साहेबांनी मान वर केली नाही. "उधर ढेर में डाल दो."

"पुढे याचं काय होईल?"

"गलेगा. नल की टोंटी बनेगी. और क्या होगा, दादा?"

दिनानाथ ढिगापाशी गेला. त्याने मला पिशवीतून काढलं, शर्टाच्या बाहीने सवयीने एकदा पुसलं आणि तसाच हातात धरून उभा राहिला. मग परत फिरला.

"साहेब, ढिगात टाकायला नाही आणला. जमा करायला आणलाय. जमा करून घेणारं कुणी नसेल, तर मी घरी घेऊन जातो."

आता साहेबांनी वर पाहिलं. त्यांना हसूच आलं. "ले जाओ भिया, ले जाओ. इतने से पीतल से क्या होना है!"

मी वाचलो, पण दिनानाथ आनंदला नाही. इतकी वर्षं जी वस्तू त्याने जिवापाड जपली, ती परत हवी असलेलं जगात कुणी उरलंच नव्हतं. सायकल हातात धरून तो चालत घरी आला. वाटेत दोनदा थांबून त्याने डोळे पुसले. त्याला वाटलं असेल कुणी बघत नाही, पण पिशवीचं तोंड उघडं होतं.

घरी शोभना खिडकीपाशी बसली होती. समोर रंगवलेले कागद वाळत पडले होते, आणि राघू उठवायला मी नव्हतो. त्याने मला पिशवीतून काढलं. पाळी संपताना खातेप्रमुखापुढे उभा राहायचा तसा तो ताठ उभा राहिला.

"घडी खातं बंद झालं," तो म्हणाला. "हा पत्रा दुरुस्त करून आणला आहे. तुझ्याकडे जमा करून घे."

शोभनाने रंगाने माखलेले हात पदराला पुसले, उठून उभी राहिली आणि मला दोन्ही हातांनी घेतलं. "जमा झाला," ती म्हणाली.

मित्रांनो, मला दोघांनीही जपलं. त्याने मला पुसून जपलं म्हणून मी तिच्या कामाला आलो, आणि तिने मला कामाला लावलं म्हणून मी वितळलो नाही. तुमच्याकडेही कुणाची अशी एखादी वस्तू पडून असेल, जिचं काम संपलं असं सगळे म्हणतात. ती ढिगात टाकण्याआधी जरा घरात विचारा, ही कुणाकडे जमा करता येईल का. आणि कुणी हात पुढे केला, तर त्याच्या हातांना रंग लागलाय म्हणून थांबू नका.