सडपातळ मांडीच्या आत

विरातशेठ थायलंडमधल्या आमच्या कोरात शहराच्या बाजारात सडपातळ करणारी कॉफी विकायचा आणि मी त्याचा नमुना होते. अर्धपोटी राहायचं, आखूड चड्डी घालून दुकानापुढे उभं राहायचं, एवढंच काम. बायका आल्या की तो माझ्या मांडीकडे बोट करायचा. "बघा आमच्या ओरथाईला. कुठे चरबी दिसते?" मला किळस यायची. पण बाजारभर माझे पाय नावाजले जात, तेही आवडायचं.

माझी मावसबहीण फिकुन वजनं उचलायची. मांड्या भरदार. लोक तिला म्हैस म्हणायचे. ती म्हणायची, "म्हैस तर म्हैस. तुमच्या नमुन्याला तांदळाचं पोतं हलवता येतं का, विचारा."

तिच्या कॉलेजात व्यायाम करणाऱ्या आणि न करणाऱ्या मुलींचे स्नायू तपासायचे होते. न करणारी म्हणून तिनं मला नेलं. मांडीवर गार, बुळबुळीत जेल थापून डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. फिकुनचा स्नायू पडद्यावर काळाभोर, रेषा स्वच्छ. माझा पांढुरका, धुरकट.

"हे पांढरं काय?" मी विचारलं.

"बरीचशी चरबी. कातडीखालची नव्हे, स्नायूतच शिरलेली. उपाशी राहून माणूस बारीक होतं गं, स्नायू कसदार होत नाही."

त्या दिवशी आईनं डुकराचं मटण भाजलं होतं. तुकड्यातले पांढरे दोरे दिसले आणि मी तोंडातला घास थुंकला. स्वतःच्या पायाला हात लावावासा वाटेना.

विरातशेठला सांगितलं, तर तो दात कोरत म्हणाला, "आत कोण बघतंय? गिऱ्हाईक बाहेरून बघतं." आणि त्याच हातानं माझ्या मांडीला चिमटा काढला. "लोणी आहे लोणी."

मी हात झटकला आणि काम सोडलं.

फिकुनबरोबर तिच्या व्यायामशाळेत बैठका सुरू केल्या. तिथल्या गाद्यांना आंबलेल्या घामाचा वास. पहिल्याच दिवशी ओकले.

"ओक, पण उद्या ये," फिकुन म्हणाली.

गेले. रोज जात राहिले. थंडी सरल्यावर पुन्हा तपासणी झाली. मांडीचं माप जवळपास तेवढंच, पण पडद्यावरचं धुकं विरळ झालं होतं. फिकुनइतकं काळं नाही. रेषा मात्र दिसत होत्या. मी बघतच राहिले.

मग देवळाच्या जत्रेत मी वजन उचललं, कुणीतरी फोटो काढला. तो फोटो विरातशेठनं मोठा करून दुकानावर टांगला. खाली अक्षरं: 'आमच्या कॉफीची कमाल'.

"उतरवा ते," मी म्हणाले.

"अगं, तुला पुढे आणलं कोणी? उपकार विसरलीस?"

मी स्टुलावर चढून तो फोटो टराटरा फाडला. शेठ आरडाओरडा करत राहिला. तेवढ्यात आतून एक काटकुळी पोरगी आली, आखूड चड्डीतली. "ताई, जा ना तुम्ही," ती पुटपुटली, "शेठ माझ्यावर राग काढतील." तिच्या मांडीवर कॉफीचे डाग होते. जाड, पुरुषी बोटांचे.

मी तिला आमच्या व्यायामशाळेचा पत्ता सांगितला. ती अजून आलेली नाही. त्या दुकानावरून जाताना मी आजही आत डोकावून तिला शोधते.