काका तिसऱ्यांदा आलेच नाहीत

मावशीच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. चमत्कारी बाबांनी तांब्याचा पत्रा लांबूनच फिरवून दाखवला. चकचकीत, कोरा. त्यावर ओला कागद ठेवून लोखंडी रूळ दाबून फिरवला, कागद उचलला, आणि त्यावर मावशीचे वारलेले यजमान! मिशीसकट, गालावरच्या तिळासकट. लोकांनी हात जोडले.

"ते म्हणताहेत, गोळ्या सोड. बाबांचं मंतरलेलं पाणी पुरे," बाबा नेहमीप्रमाणे म्हणाले.

त्यांचं ऐकून मावशीने महिनाभर मधुमेहाच्या गोळ्या घेतल्या नव्हत्या. पायाची जखम काळी पडत चालली होती. अजून आठवडा असाच गेला तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

भाची मागे धुमसत उभी होती. तिचं पोट असल्याच पत्र्यांवरून चित्रं छापण्यावर चालायचं, नखांत कायमची शाई. बाबांच्या तळहाताची कडही तशीच काळी दिसली आणि तिचं डोकं सटकलं. त्यात तो तीळ. भिंतीवरच्या फोटोत उजव्या गालावर, कागदावर डाव्या.

"बाबा, काकांच्या तिळाने घर बदललं वाटतं."

"परलोकातून येताना सगळं उलटं होतं, पोरी."

"बरं. मग पत्र्याला हात न लावता परत बोलवा त्यांना."

लोकांनाही काका परत हवेच होते. बाबांचा नाइलाज झाला. दुसऱ्या कागदावर काका फिकट आले. दमलेत, बाबा म्हणाले. तिसऱ्यावर नुसती मिशी.

"बाकीचे काका जेवायला गेले असतील," कुणीतरी पुटपुटलं आणि हॉल खिदळला.

भाचीने पत्रा खिडकीत तिरका धरला. सगळ्यांना त्यावरून नख फिरवायला लावलं. तेजाबाने खाल्लेल्या बारीक रेघा नखाला लागत होत्या. तिने सांगितलं, यांत दर वेळी शाई भरायची, वरची पुसून टाकायची. दाबलं की ओला कागद रेघांतली शाई ओढून घेतो. ठसा उलटा पडतो म्हणून पत्र्यावर चित्र उलटं काढायचं असतं. या नवशिक्याने फोटो जसाच्या तसा उतरवला होता. मग बाबांच्याच पिशवीतली शाई काढून तिने पत्र्यावर चोळली, पुसली, रूळ फिरवला. काका पुन्हा काळेभोर हजर.

बाबा चपला शोधत होते.

मावशीने कागदावरच्या तिळावर बोट ठेवलं. "तीळ चुकलाय हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं गं," ती म्हणाली. "म्हटलं, कसे का होईना, आले तर खरे."

भाचीचा राग कुठल्या कुठे गेला. ती मावशीशेजारी टेकली.

मावशीने हात पुढे केला. "गोळ्या दे."

कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायची घाई करू नका. आधी म्हणा, परत करून दाखव.