ठकीचा डावा गाल

दादा आणि डॉक्टर, दोघंही जुन्या हाडांचे अभ्यासक, एकमेकांना पाण्यात पाहायचे. भांडण कशावरून, तर एका बाईच्या उंचीवरून! बाई मरून पन्नास-साठ हजार वर्षं झालेली, उंची जेमतेम साडेतीन फूट. गुहेतल्या ओल्या मातीत तिची कवटी, जबडा आणि पायाची दोन हाडं सापडली होती. दादा म्हणायचा, ही माणसांची वेगळीच जात, सगळेच एवढेसे. डॉक्टर म्हणायचे, कसली जात नि कसलं काय, तुमच्याआमच्यासारखीच बाई, वाढ खुंटण्याचा आजार झालेली. तीन वर्षं दोघं छापील कागदांवर एकमेकांची सालटी काढत होते. त्या बिचारीला कोणी विचारलं असतं तर तिनं दोघांनाही गुहेबाहेर हाकललं असतं.

या दोघांच्या कात्रीत सापडली होती ताई. दादाची सख्खी धाकटी बहीण, संग्रहालयात त्याच्याच हाताखाली हाडं साफ करून जोडायचं काम करणारी. लग्न केलं नव्हतं, दादा-वहिनीकडेच राहायची. चारचौघांत ती त्याला ‘सर’ म्हणे आणि कामाच्या खोलीचं दार लागलं की ‘दादा’. इतक्या वर्षांत यात एकदाही गफलत झाली नव्हती.

कवटीला ‘ठकी’ हे नाव तिनंच दिलं. आली तेव्हा ठकी चहात पडलेल्या बिस्किटासारखी होती, बोट लावलं तर बोटाला लागायची. ताईनं तिला महिनाभर सावलीत सुकू दिलं, सुईच्या टोकानं माती काढली, एकेक दात कापसानं पुसला. त्रेचाळीस तुकडे, आठ महिने. जोडलेला भाग वाळूच्या तबकात टेकवायचा, गोंद धरेपर्यंत श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा.

शेवटी डावा गाल बसवला आणि तो आत दबलेला निघाला. ठकीचं तोंड वाकडं.

“मातीच्या भारानं दबलीये रे दादा,” ताई तेव्हा म्हणाली होती. “दात बघ. दोन्हीकडे सारखेच झिजलेत. जिवंतपणी तोंड वाकडं असतं, तर एकाच बाजूनं चावलं असतं तिनं. एवढं लिही, म्हणजे झालं.”

पण दादाला आठ दिवसांत परिषदेत फोटो दाखवायचे होते. दात कोण वाचत बसतंय, तो म्हणाला. तोंड वाकडं दिसलं की डॉक्टर आजार-आजार करत नाचणार. सरळ बसव.

आणि ताईनं बसवलं. सांधा उघडला, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा भराव घातला आणि गाल बाहेर आणला. भराव हाडाहून वेगळ्या रंगाचा ठेवायचा, म्हणजे कुठलं मूळचं नि कुठलं आपलं ते बघणाऱ्याला कळतं, हा या कामाचा पहिला नियम. दादानं भरावही हाडाच्या रंगात रंगवून घेतला. भावाच्या शब्दाखातर तिनं ते केलं आणि पुढची तीन वर्षं ती ठकीच्या कपाटाला वळसा घालून जायची. चूक तिचीच होती, आणि तिला ती पुरती ठाऊक होती.

डॉक्टरांनी कुठून तरी कवटीचे क्ष-किरण फोटो मिळवले. भराव त्यांत चक्क दिसला. झालं, चौकशी बसली.

सकाळी अकराला पाच जणांची समिती, मधोमध टेबलावर वाळूच्या तबकात ठकी. डॉक्टर अर्धा तास बोलले. ‘लबाडी’ हा शब्द त्यांनी इतक्यांदा वापरला की अध्यक्षबाईंनी त्यांना पाणी दिलं. रोगी बाईला रंगरंगोटी करून नवी जात म्हणून खपवलीत, ते म्हणाले. दादा खाऊ की गिळू असा बघत होता. ताईला मात्र एकच धास्ती होती. ज्या हातांनी हाडात लबाडी केली, त्या हातांत पुन्हा हाड देत नाहीत, आणि दुसरं काही तिला येत नव्हतं.

अध्यक्षबाईंनी विचारलं, हा भराव कोणाच्या सांगण्यावरून घातला?

ताईनं दादाकडे पाहिलं. दादा कागद सारखे करत होता.

“मला यातलं काही माहीत नाही,” तो म्हणाला. “जोडकाम सगळं त्या बघतात.”

त्या! एका ताटात जेवून वाढलेली बहीण, आणि त्या. ताईनं गोंद विरघळवायचं औषध मागवलं, कापूस भिजवला आणि सगळ्यांसमोर सांधा उघडायला घेतला. पाऊण तास लागला. भराव निघाला, गाल होता तसा आत गेला.

“बघा, वाकडी,” डॉक्टर म्हणाले.

“वाकडीच आहे. सरळ मी केली, रंगही मीच लावला,” ताई म्हणाली आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. “आता दात बघा.”

डॉक्टर वाकले. डाव्या दाढा, उजव्या दाढा, पुन्हा डाव्या. अध्यक्षबाईंनी दोनदा विचारलं, तेव्हा कुठे तोंडातून निघालं, दोन्हीकडे सारखेच झिजलेत. म्हणजे वाकडेपणा मेल्यानंतरचा, मातीचा. त्यावर आज उभा केलेला त्यांचा आजाराचा पुरावा तिथेच आडवा झाला. ठकी एवढीशी का, हे भांडण अजून शिल्लक होतं, पण आजचा दिवस दादाचा ठरला. ताईबद्दलही ठरलं. उद्यापासून तिनं हाडाला हात लावायचा नाही.

दुपारी ती कामाच्या खोलीत सुया गोळा करत होती. दादा आला, त्यानं दार लावलं. चेहऱ्यावर नुसता आनंद मावत नव्हता. अगं, जिंकलो की आपण, तो म्हणाला. तिथे तसं बोलावं लागलं, मनावर घेऊ नकोस. चार महिने जाऊ देत, तुला परत घेतो. मग तबक तिच्यापुढे सरकवत म्हणाला, “आज दिवसभर आहेसच, तर गाल तेवढा सरळ बसवून दे. नव्या लेखाला फोटो हवाय. रंग नको लावूस या खेपेला.”

ताईनं सुयांची डबी बंद केली. ठकीवर कापड घातलं.

“नाही जमणार, सर,” ती म्हणाली.

कोण आलं ते बघायला दादानं मागे वळून पाहिलं. दार लागलेलंच होतं.